फुंकर

यंत्राने थापांच्या पोराकडे बोट दाखवलं तेव्हा दुर्वा कुबलला आधी हायसं वाटलं आणि लगोलग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. संकट दुसऱ्याच्या दारात गेलं की माणसाला पहिल्यांदा असंच होतं. शिकलेल्यांनाही होतं.

नेरबंदरच्या अंगणवाडीत, पोरांच्या ठेंगण्या टेबलावर ते यंत्र ठेवलेलं होतं. नाव 'मागोवा'. आकाराने चार पुडांच्या डब्याएवढं. पण डॉक्टर हेरेकरांनी विद्यापीठातून निघताना ते दुर्वाच्या हाती नवसाचं मूल सोपवावं तसं सोपवलं होतं. त्याच्या पडद्यावर आता दोन ठिपके होते. एक सुजनचा. सुजन म्हणजे हापूसच्या बागेची राखण करणाऱ्या नेपाळी टेकबहादूर थापाचा सहा वर्षांचा मुलगा. दुसरा ठिपका पारकरांच्या केतकीच्या बाळाचा. केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचं महिन्याभराचं बाळ गेल्या आठवड्यात डांग्या खोकल्याने गेलं होतं. गावातली आणखी दोन तान्ही बाळं तालुक्याच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. सुजनच्या ठिपक्यापासून केतकीच्या बाळापर्यंत एक बाण काढलेला होता आणि बाणाच्या मध्यावर एक पोकळ वर्तुळ लुकलुकत होतं.

बाहेर ओसरीवर केतकीचे वडील बसले होते. बाबल पारकर, गावचे सरपंच. एरवी चारचौघांत मोठ्याने बोलणारा माणूस, पण नातू गेल्यापासून त्यांचा आवाज बसला होता.

"गुरख्याचाच मा?" त्यांनी आत न बघताच विचारलं.

दुर्वाने संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. मधली एक जागा रिकामी आहे, ती भरल्याशिवाय नक्की काही सांगता येणार नाही, म्हणाली. बाबलकाकांनी ऐकून घेतलं. उठता उठता त्यांनी सांगितलं, की संध्याकाळी ग्रामपंचायतीत सभा आहे आणि सकाळसाठी टेम्पो सांगून ठेवला आहे. बागांमधली सगळी नेपाळी कुटुंबं त्यात बसवून घाटापलीकडे सोडायची, हे ठरल्यात जमा होतं.

यंत्र सूर्य मावळता मावळता आपलं वाचन राज्याच्या आरोग्य-नकाशावर पाठवायचं, आणि तो नकाशा ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होता. रोग जिथून सुटला ते घर नकाशावर लाल व्हायचं. पोकळ वर्तुळं मात्र त्यावर दिसत नसत. लोकांना रिकाम्या जागा आवडत नाहीत, असं नकाशा करणाऱ्यांचं मत होतं आणि ते काही अगदीच चूक नव्हतं. मागच्या वर्षी घाटावरच्या एका गावात असंच एक घर लाल झालं. आधी दूधवाल्याने रतीब बंद केला, मग शाळेतून पोर परत आलं, आणि शेवटी घरच्यांनी दाराला कुलूप लावून गाव सोडलं. रोगाला औषध होतं, लाल रंगाला नव्हतं.

आता हे यंत्र करतं काय, ते सांगायला हवं. डांग्या खोकल्याचा जंतू स्वभावाने आळशी. त्याच्या जनुकांच्या माळेत बदल इतके सावकाश होतात, की मुंबईतला जंतू आणि मालवणातला जंतू जुळ्या भावांसारखे दिसतात. त्यामुळे कोणाचा रोग कोणाला लागला, हे कित्येक वर्षं कळत नव्हतं. मग ध्यानात आलं, की माळ तीच असली तरी जंतू ज्या घशात राहतो त्या घशाप्रमाणे त्या माळेवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. घसा लहान मुलाचा की म्हाताऱ्याचा, लस घेतलेला की न घेतलेला, तंबाखूने पोळलेला की स्वच्छ, हे त्या खुणांवरून ओळखता येतं. जंतू दुसऱ्याच्या घशात गेला तरी पहिल्या घराच्या खुणा काही काळ तशाच राहतात. शेजारणीकडून आलेल्या लुगड्याला तिच्या फोडणीचा वास यावा, तसंच. मागोवा हा वास हुंगतो. कापसाचा बोळा घशातून फिरवून त्यात घातला, की भात शिजायला लागतो त्याहून थोड्या जास्त वेळात तो सांगतो, की हा जंतू आधी कुठे राहून आला.

आणि हे कळणं भाग होतं, कारण नव्या वाणाचा जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हता. गर्भार बायकांना द्यायची लसही त्याच्यापुढे तोकडी पडत होती. मोठ्या माणसांना तो साधा खोकला देऊन घशात तीन-चार महिने मुक्काम ठोकायचा. तान्ह्या बाळाला मात्र खोकायचीही ताकद नसते. ते नुसतं निळं पडतं. वेगळं औषध होतं, पण ते कोणाला द्यायचं हे आधी समजायला हवं होतं.

दुर्वा 'जागतिक आरोग्य' या विषयाच्या शेवटच्या वर्षाला होती. जगाचं आरोग्य शिकायला गेलेली पोर परत नेरबंदरातच कशी उगवली, म्हणून गाव तिला चिडवायचं. या अभ्यासक्रमाची रीत अशी, की प्रत्येकाला दोन मार्गदर्शक. दुर्वाला जीववैद्यक शिकवणारे हेरेकर होते आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या नफीसा मुकादम होत्या. दोघांचं एका ताटात जेवण व्हायचं, पण एका मुद्द्यावर एकमत व्हायचं नाही. जंतू खोटं बोलत नाही, असं हेरेकर म्हणायचे. नसेल बोलत, पण तो कुणाच्या तोंडून बोलतोय ते बघा, असं मुकादम मॅडम म्हणायच्या. विद्यार्थी हसायचे आणि दोघांच्याही परीक्षा द्यायचे. गणपतीच्या चवथीनंतर या सगळ्या विद्यार्थ्यांना एकेक मागोवा देऊन किनाऱ्यावरच्या गावागावांत पाठवलं होतं. भाषा येते म्हणून दुर्वाने आपलंच गाव मागून घेतलं होतं.

तिने हेरेकरांना फोन लावला. पोकळ वर्तुळाचा अर्थ त्यांनी सरळ सांगितला. सुजन आणि बाळ यांच्यामध्ये आणखी एक घसा आहे, जो यंत्राला भेटलेला नाही. पन्नाशीपुढचं माणूस, तोंडात तंबाखू, संसर्ग बराच जुना. असा घसा सापडला तर बाणाची दिशाही बदलू शकेल. नाही सापडला तर जे आहे ते सूर्यास्ताला जाईल, त्यांच्या हातात काही नाही.

पन्नाशीपुढचं आणि तोंडात तंबाखू. नेरबंदरात मिशरी लावणाऱ्या बायका पावलागणिक होत्या. खोकणाऱ्या सगळ्यांचे नमुने दुर्वाने घेतले होते, फक्त कुबलांचं घर राहिलं होतं. संशोधकाने स्वतःच्या घरचे नमुने घ्यायचे नाहीत असा नियम होता. ते शेजारच्या गावात काम करणारी तिची वर्गमैत्रीण इरा येऊन घेणार होती आणि इराला अजून सवड झालेली नव्हती.

दुपार कलायच्या आत ती यंत्र पिशवीत घालून पारकरांकडे पुन्हा गेली.

केतकी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. दूध आटायच्या गोळ्या घेऊनही तिचं पोलकं ओलं होत होतं आणि ते लपवायला तिने उकाड्यातही शाल घेतली होती. दुर्वा आणि ती सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. दुर्वाने मागे विचारलेलंच पुन्हा विचारलं, की बाळ असताना घरात बाहेरचं कोणी आलं होतं का. केतकीने तेच उत्तर दिलं. बाहेरचं कोणी आलं नाही. आईने सोवळ्यासारखं जपलं होतं. ती गुरख्याची बायको एकदा पोराला घेऊन ताक मागायला आली, ती पण खळ्यातूनच, अंगणातल्या अंगणातूनच गेली. एवढं बोलून तिने डोळे मिटले.

दुर्वा उठणार होती. मग तिला मुकादम मॅडमचं एक वाक्य आठवलं. वर्गात त्या टेबलावर बोट आपटून सांगायच्या, माणसं विचारू नका, दिवस विचारा. माणूस कोणाला माणसांत धरतो आणि कोणाला धरत नाही, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

"केतक्या," ती म्हणाली, "बाळाचो एक दिवस सांग माका. उजाडल्यापासून."

केतकीने डोळे उघडले. इतक्या दिवसांत कोणी तिला बाळाच्या मरणाबद्दल सोडून काही विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. बाळ पहाटे उठायचं, मुठी चोखायचं. मग पाजणं. मग बाबा त्याला घेऊन खळ्यात फिरायचे, कावळे दाखवायचे. हे सांगताना ती थोडी हसलीसुद्धा.

"मगे पाणी तापला की वैजूमावशी येय. तेल लाय, पायांर घेवन न्हाणय. धुरी दी. नाकात पाणी रवता म्हणान नाकात, कानात फुंकर मारी. तिच्या फुंकरीन तो लगेच निजा, बघ. दुसऱ्या कोणाच्या नाय."

"वैजूमावशी रोज येय?"

"रोज. शेवटपर्यंत." केतकीने तिच्याकडे नवल करून बघितलं. "ती काय बाहेरची?"

वैजूमावशी म्हणजे वैजयंती कुबल. दुर्वाची आई.

तीस वर्षांत नेरबंदरात आणि आसपासच्या वाड्यांत जन्मलेलं असं मूल नव्हतं, जे वैजूमावशीच्या पायांवर न्हालेलं नाही. केतकी न्हाली होती, दुर्वा तर न्हालीच होती. नवरा होडीवरून परत आला नाही तेव्हापासून त्या दोन हातांवर कुबलांचं घर चाललं होतं आणि दुर्वा शिकली होती. गावात तिला पाहुणी कोणी म्हणत नव्हतं. ती आली की दार उघडं असायचं, ती गेली की कोणी नोंद घेत नव्हतं. आणि तिची स्वतःची लेक, जगाच्या आरोग्याची विद्यार्थिनी, घरोघर बोळे घेऊन हिंडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याहून वेगळं ते काय?

दसऱ्यापासून आई रात्री लवंग चघळत झोपायची. मिशरीचा ठसका, असं म्हणायची. सुजनच्या छातीत कफ झाला तेव्हा कोमट तेल घेऊन बागेत कोण गेलं होतं, हेही दुर्वाला आत्ता आठवलं. घरी आल्यावर आईने ते कौतुकाने सांगितलं होतं. परमुलखातलं पोर, त्याला कोण आहे, म्हणाली होती.

केतकीने तिला विचारलं, "असा कित्याक बघतंस?" दुर्वा तोवर उठली होती. ती पायांत चपला न अडकवताच खळ्यात आली आणि तिने आईला फोन लावला. फोन घरी वाजत राहिला. ओले हात आणि फोन यांचं जमत नाही, म्हणून आई कामाला जाताना तो देवाच्या फळीवर ठेवून जायची. आज ती कुठे असणार, हे दुर्वाला पक्कं ठाऊक होतं. गावडेवाडीत निकिताला मुलगी झाली होती आणि तिचं बारसंही अजून झालं नव्हतं. सकाळी घरात लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार, म्हणून आज बाळाचं न्हाणं दुपारी ठेवलं होतं.

गावडेवाडीचा रस्ता म्हणजे नुसती चढणीची घाटी. दुर्वाने स्कूटर अशी चालवली, की वाटेतल्या दोघातिघांनी तिला शिव्या दिल्या. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त ती फुंकर होती. लहानपणी गुडघा फुटला की आई अशीच ओठांचा चंबू करून फुंकायची आणि खरंच बरं वाटायचं.

गावड्यांच्या मागल्या पडवीत पाण्याचा हंडा रिकामा झालेला होता. वैजूमावशी पाय लांब करून पाटावर बसली होती. बाळ तिच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं, डोकं तिच्या डाव्या तळव्यात. तिने निखाऱ्यांवर ओवा टाकला, धूर बाजूला केला आणि बाळाच्या तोंडावर वाकली.

"आये, थांब."

वैजूमावशी चपापली. निकिताची सासू दारात उभी होती, तीही चपापली. दुर्वा पुढे झाली आणि तिने बाळ आईच्या हातून जवळजवळ ओढून घेतलं. निकिताच्या हातात देताना मात्र तिने स्वतःचं तोंड फिरवलं आणि पदरासारखी ओढणी नाकावर धरली. ते का केलं, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं नाही.

दोघी विहिरीकडे येईपर्यंत आई रागावलेली होती. ओल्या बाळाला वाऱ्यात धरलंस, लोकांसमोर मला खुळी ठरवलंस, नाकातलं पाणी तसंच राहिलं, असं एकामागून एक ऐकवत होती. बोलता बोलता ठसका लागला. तो लवकर थांबला नाही. थांबला तेव्हा तिने लेकीकडे बघितलं.

नियम मोडायचा तर परवानगी घेऊन मोडावा, म्हणून दुर्वाने मुकादम मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. "घे नमुना," त्या म्हणाल्या, "मी माझ्या सहीने घेते अंगावर. आणि दुर्वा, आईजवळ बस. यंत्राजवळ नको." दुर्वाने बोळा फिरवला. मग गावड्यांच्या बाळासाठी तालुक्याच्या डॉक्टरला कळवलं. आजची टळली तरी याआधीचे सगळे दिवस त्याला फुंकर बसलेलीच होती. लक्षणांची वाट न बघता औषध सुरू करायचं ठरलं. आईलाही तिने पिशवीतल्या वेगळ्या औषधाची पहिली गोळी तिथेच विहिरीच्या पाण्याबरोबर दिली.

यंत्र गुरगुरत होतं. वैजूमावशी कठड्यावर बसून स्वतःचे तळवे बघत होती. तेलाने मऊ पडलेले, बोटांना सुरकुत्या.

"केतकीचा बाळ," ती म्हणाली, "माझ्या फुंकरीन गेला?"

खोटं बोलायला दुर्वाला दहा वाटा होत्या. नक्की सांगता येत नाही, शक्यता आहे, आणखी तपास हवा. पुस्तकांत अशी वाक्यं भरपूर असतात. तिने आईचा हात धरला.

"होय, आये."

वैजूमावशी रडली नाही. तिने हात सोडवून घेतला आणि पदराने दोन्ही तळवे पुसत राहिली, तेल निघून गेलं तरी पुसत राहिली. या बाईने आयुष्यात कोणाचं वाईट केलं नव्हतं आणि तिच्या वाट्याला हे आलं होतं, याचा दुर्वाला संताप आला. कोणावर ते कळत नव्हतं.

मग यंत्र वाजलं. पोकळ वर्तुळ भरलं होतं. बाण उलटे फिरले. वैजयंती कुबलकडून केतकीच्या बाळाकडे, वैजयंतीकडून सुजनकडे, वैजयंतीकडून रुग्णालयातल्या दोन्ही बाळांकडे. थापांच्या पोराने कोणाला काही दिलं नव्हतं, त्याला बिचाऱ्याला तेलाबरोबर मिळालं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं टळलं होतं. पण पडद्यावर वैजयंतीच्या मागे आता एक नवं पोकळ वर्तुळ लुकलुकायला लागलं.

दुर्वाने त्याच्यावर बोट ठेवलं. तरुण घसा, तंबाखू नाही, लहानपणच्या सगळ्या लसी घेतलेल्या. जंतू त्या घशात येण्याआधी तशाच आणखी पुष्कळ तरुण घशांतून फिरून आलेला, एकाच छपराखाली.

तिने वाचलं आणि पुन्हा वाचलं. वसतिगृह. श्रावणात सगळा मजला खोकत होता. हवा बदलली, असं म्हणून सगळे काढा पीत होते. चवथीला ती घरी आली तेव्हा आईने तिच्या छातीला तेल चोळलं, रात्रभर पाठ थोपटली. दिवाळीपर्यंत तिचा स्वतःचा खोकला पुरता गेलाही नव्हता. आणि कोणीही कोणाचा घसा तपासला नव्हता. मागोवा वापरणाऱ्यांनी मागोव्यात बोळा घालायचा असतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते काही बाहेरचे नव्हते ना.

आईला तो पडदा वाचता येत नव्हता. तिला लेकीचा चेहरा वाचता येत होता.

"पुढे बघू नको," ती म्हणाली.

"आये..."

"नको बघू, सांगतंय तुका. माझ्याकडे येवन थांबांदे. माझा काय, आज आसा उद्या नाय. तुझा सगळा पुढे आसा."

आणि हे शक्य होतं. हीच त्यातली भीषण गोष्ट होती. नकाशावर पोकळ वर्तुळ दिसत नाही. वैजयंती कुबलचं घर लाल होईल, लोक हळहळतील, काही शिव्या देतील. मागे जाऊन विचारणारं कोणी नाही. दुर्वाची पदवी राहील, विद्यापीठाचं नाव राहील. कुबलांचं घर तर दोन्हीकडून लाल होणारच होतं. मग एकाच माणसाने सोसलं तर काय बिघडलं, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्या विहिरीवर ती त्या विचारापाशी बराच वेळ बसून राहिली.

पण इरा शेजारच्या गावात होती. बाकीचे पार गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरले होते. प्रत्येकजण रोज बाळंतिणींच्या खोल्यांत जाऊन बसत होता आणि बाळ मांडीवर घेऊन, अगदी जवळून, विचारत होता, की घरात बाहेरचं कोणी आलं होतं का.

ग्रामपंचायतीच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. टेकबहादूर बायको-मुलाला घेऊन दाराशी उभा होता. त्याला आत बस असं कोणी म्हटलं नव्हतं. सुजनच्या तोंडाला त्याच्या आईने रुमाल बांधला होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नकाशा लावलेला होता आणि बाबल पारकर त्याच्याशेजारी खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. केतकीही आली होती.

दुर्वा बोलायला उभी राहिली. तिने पहिलं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण ते तोंडातून निघायच्या आत बायकांच्या रांगेतून तिची आई उठली. वैजूमावशी चारचौघांत कधी बोललेली नव्हती.

"गुरख्याच्या पोराचो काय गुन्हो नाय," ती म्हणाली. "खोकलो माझो. ही फुंकर माझी. केतक्या, बाय, तुझा बाळ माझ्या हातात होता आणि माका कळला नाय."

दालनातल्या निम्म्या लोकांच्या कानांत त्या बाईने फुंकर मारलेली होती. बाबलकाका उठले, परत बसले. राग कोणावर काढायचा हे त्यांचं दुपारपर्यंत ठरलेलं होतं आणि आता ते त्यांच्या हातून निसटलं होतं. केतकीने वैजूमावशीकडे एकदा बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. ती उठून गेली नाही, पण तिने पुन्हा वळूनही बघितलं नाही.

मागून कोणीतरी विचारलं, "आणि तुका खयसून इलो, मावशे?"

"माका ठावक नाय," वैजूमावशी म्हणाली. "म्हातारपणाचो खोकलो. खयसूनय येता." आणि ती लेकीकडे न बघता खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती गावाशी खोटं बोलली आणि तेही तिला नीट जमलं नाही.

बाहेर उजेड कमी होत होता. दुर्वाने यंत्र मधल्या टेबलावर ठेवलं. खिशातून बोळा काढला, सगळ्यांच्या समोर आ केला आणि तो स्वतःच्या घशातून फिरवला. उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. बोळा यंत्रात घालून तिने झाकण लावलं. "आये, नको म्हटलं होतंस," ती हळू म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आईला खोकला कुठून आला ते हे यंत्र आता सांगेल, आणि ते समजेपर्यंत कोणी घरी जाऊ नये.

मग तिने हेरेकरांना फोन लावला. तो मुद्दामच सगळ्यांसमोर लावला.

"सर, मुलांना गावांतून आजच परत बोलवा. बाळंतिणींच्या घरांत कोणी पाऊल टाकू नये. निकाल यायचाय, पण मला ठाऊक आहे. आपण घेऊन आलोय सर, आपल्या वसतिगृहातून."

पलीकडे हेरेकर खोकले. बारीकसा, घसा साफ करावा तसा खोकला होता.

"तुमचापण तपासा, सर," दुर्वा म्हणाली.

यंत्र गुरगुरत राहिलं. दाराशी उभ्या सुजनच्या आईला, बिमला थापाला, बसायला कोणीतरी खुर्ची सरकवली. वैजूमावशी आपल्या रांगेतून उठून टेबलापाशी आली आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. यंत्र वाजलं तेव्हा दुर्वाने पडद्याकडे बघितलं नाही. आईने बघितलं. तिला अक्षरं लागत नव्हती, पण ठिपके आणि बाण लागत होते. तिने आपलं सुरकुतलेलं बोट पडद्यावर ठेवलं.

"ह्या तू," ती म्हणाली. बोट बाणावरून पुढे सरकलं. "ह्या मी." आणखी पुढे सरकलं आणि थांबलं, आणि तिला पुढचं बोलता येईना.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या केतकीने ते पूर्ण केलं. "आणि ह्या माझा बाळ," ती म्हणाली.